कोणी आत आहे का?

एका बुधवारी दुपारी रेजिनाताईंनी ग्रंथालयाच्या संगणकावर माझा जुना शोध पुन्हा चालवला आणि त्यात एक अहवाल आला. त्याआधी तोच शोध आम्ही दोघींनी मिळून केला होता, तेव्हा तो आला नव्हता. मधल्या काळात एका गावातली बस बंद झाली होती.

रेजिनाताई ओटावातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात होत्या. सरकारी कागदपत्रं आणि सार्वजनिक धोरण हा त्यांचा विभाग. घरभाडं, पाळणाघरं, पाणी, बस, कशावरही सरकारनं काय ठरवलं आणि पुढे त्याचं काय झालं हे कुणाला शोधायचं असलं, की त्याला खाली बेसमेंटमध्ये त्यांच्याकडे पाठवायचे. मी नागपूरहून पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करायला आले तेव्हा मलाही पाठवलं. टेबलामागच्या बाईंनी माझं आडनाव ऐकलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मराठीत विचारलं, "जेवलीस का?"

मला वाटलं, मी चुकीच्या मजल्यावर आले.

त्या वसईच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे आधी मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला आल्या, तिथे काही वर्षं काढली, मग ओटावाला. नवरा जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा टोरंटोला, त्या मराठीत बोलायच्या, तो इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांचं मराठी वसईचं, इंग्लिश ग्रंथालयाचं आणि फ्रेंच ब्रॉसार्डच्या ग्रोसरी स्टोअरमधलं. टेबलाच्या खणात स्टेपलरच्या शेजारी सुकेळ्यांचा डबा असे. वसईची ती वाळवलेली केळी कुणीतरी दरवर्षी आणून द्यायचं. हवालदिल झालेल्या विद्यार्थ्याला त्या आधी एक सुकेळं देत आणि मग विचारत, "हं, आता बोल. काय हवंय?"

त्या पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मला गरिबीवर काम करायचंय."

"कुणाच्या?"

मी वही उघडली.

"कुठल्या गावातल्या? कधीपासूनच्या? आणि ती गरिबी मोजली कुणी? हे चार प्रश्न घेऊन उद्या ये. आज नुसतं सुकेळं खा."

त्यांची काम करायची एक रीत होती. समोरासमोर बसून त्या कधी शिकवत नसत. विद्यार्थ्याची खुर्ची ओढून आपल्या बाजूला घ्यायच्या, म्हणजे दोघांचीही तोंडं स्क्रीनकडे. आणि माऊस विद्यार्थ्याच्या हातात. "मी क्लिक केलं तर मला येईल. तुला कधी येणार?" एखादा शोध फसला की त्या हात मागे बांधून घेत, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. दुसरी गोष्ट, त्यांना निष्कर्ष आधी सांगितलेला चालत नसे. "काय सापडलं ते नंतर. कुठे कुठे शोधलंस ते आधी सांग."

एकदा एक प्राध्यापक आले. भाड्यावर नियंत्रण आणू नये असं त्यांचं मत होतं, आणि त्या मताला आधार देणारे अभ्यास त्यांना हवे होते, फक्त तेच. रेजिनाताईंनी सगळे काढून दिले. वर आणखी तीन ठेवले, उलट बाजूचे.

"हे मी मागितले नव्हते," प्राध्यापक म्हणाले.

"माहीत आहे. पण मीटिंगमध्ये कुणीतरी हेच तुमच्या तोंडावर मारणार. त्यापेक्षा आत्ता माझ्याकडून मार खाल्लेला बरा नाही का?"

प्राध्यापक हसले नाहीत. पण ते तिन्ही घेऊन गेले.

बेसमेंटमध्ये जुन्या अहवालांची कपाटं रुळांवर होती. एकमेकांना चिकटून उभी. हवं ते कपाट उघडायला बाजूचं चाक फिरवायचं, की सगळी रांग सरकते आणि एक गल्ली उघडते. अर्थात त्याच वेळी दुसरी एखादी गल्ली मिटत असते. चाकाला हात लावण्याआधी रेजिनाताई वाकून, मान आत घालून हाक द्यायच्या. आधी इंग्लिशमध्ये, मग फ्रेंचमध्ये, आणि शेवटी मराठीत: "कोणी आत आहे का?" खाली आम्ही दोघीच आहोत हे पक्कं ठाऊक असतानाही.

मी एकदा हसून म्हटलं, "ताई, मराठीत कशाला? इथे कोण मराठी असणार?"

"तू नाहीस?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा हाक दिली.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात तो बसचा विषय आला. आमच्या कोर्समध्ये प्रत्येकानं एखाद्या नगरपालिकेसाठी खरं काम करायचं असे. माझ्या वाट्याला ओटावाबाहेरचं एक लहानसं गाव आलं. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी एक बस होती. फोन केला की दारात यायची, दवाखान्यात, ग्रोसरीला, केअर होमला सोडायची. ती परवडत नाही असं गावच्या परिषदेचं म्हणणं होतं. बंद केली तर लोकांचं नुकसान होतं का, याबद्दल कुठे काही अभ्यास झालाय का, एवढं मला शोधून द्यायचं होतं.

त्या दिवशी ट्रेन मध्येच थांबली आणि मी उरलेलं अंतर चालत आले. माझ्याकडे नागपूरहून आणलेले लोकरीचे हातमोजे होते. कॅनडाच्या जानेवारीत ते घातले काय आणि न घातले काय. बेसमेंटमध्ये पोचले तेव्हा माझी बोटं वाकत नव्हती. रेजिनाताईंनी आपला चहाचा थर्मास माझ्या दोन्ही हातांत दिला आणि म्हणाल्या, "धरून बस. आधी हात शेक. आज माऊस माझ्याकडे."

मी त्यांना माऊस धरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या भराभर शोध घालत होत्या. यादी लांबच लांब यायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बहुधा घाबरलेली दिसत असेन. "तुला फ्रेंच येत नाही ना? मग आधी इंग्लिश तेवढं बघू. फ्रेंच मी शेवटी काढून वाचून दाखवते." त्यांनी भाषेच्या खाली 'इंग्लिश' या चौकोनात टिक केली. यादी आखूड झाली आणि मला हायसं वाटलं.

ती टिक एकदा केली की पुढच्या सगळ्या शोधांना लागू राहते. आम्ही आणखी दोन-तीन ठिकाणी शोधलं, माझी बोटं सुटी झाली, चहा संपला, वरून कुणीतरी त्यांना बोलावलं. शेवट आलाच नाही. फ्रेंच राहून गेलं. त्यांच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. मी अहवालात लिहिलं की अशी सेवा बंद झाल्यामुळे नुकसान झाल्याचा कॅनडातला पुरावा आम्हाला आढळला नाही. खाली माझं नाव, त्याखाली ग्रंथालयाचे आभार. मला चांगले मार्क मिळाले.

वसंतात परिषदेनं बस बंद केली. उन्हाळा गेला, दुसरा हिवाळाही गेला. मी तोवर पास होऊन एका सरकारी खात्यात लागले होते. मग तो बुधवार आला. नदीपलीकडच्या, फ्रेंच बोलणाऱ्या गॅटिनोचा एक विद्यार्थी तसाच विषय घेऊन आला होता. ताईंनी माझा साठवलेला शोध उघडला, माऊस त्याच्या हातात दिला, आणि त्या फ्रेंच मुलानं सवयीनं सगळ्यात आधी 'इंग्लिश'ची टिक काढली.

मला ताईंचा फोन आला. "बाय, सुटलीस की इकडे ये." मी गेले तेव्हा त्या उभ्या होत्या. त्या टेबलाशी त्यांना उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. स्क्रीनवर क्युबेकमधल्या एका भागाचा अहवाल होता, फक्त फ्रेंचमध्ये. तिथेही अशीच बस बंद झाली होती, आणि पुढे काय झालं ते कुणीतरी घरोघरी जाऊन विचारलं होतं. लोकांनी डॉक्टरच्या वेळा चुकवल्या होत्या. केअर होममधल्या माणसांना भेटायला जाणं सोडलं होतं.

"मला वाचता येत होतं," रेजिनाताई म्हणाल्या. "तुला येत नव्हतं, ते सोड. मला येत होतं."

मी म्हटलं, "ताई, माझे हात गारठले होते म्हणून..."

"हात गारठणं हा गुन्हा नाही. खाली बस."

पण त्या स्वतः बसल्या नाहीत.

त्यांनी त्याच आठवड्यात त्या गावाच्या परिषदेनं बस बंद करायचं ठरवलं त्या बैठकीचा व्हिडिओ शोधला. गावाच्या वेबसाइटवर सगळ्या बैठका असतात, कुणी बघत नाही. तो आम्ही दोघींनी पाहिला. निळा कोट घातलेली एक म्हातारी बाई माईकशी आली. डॉरिस तिचं नाव. तिचा नवरा हॅरल्ड केअर होममध्ये होता आणि ती दर रविवारी बसनं त्याला भेटायला जायची. एवढंच सांगायला ती आली होती. एका सभासदानं तिला अतिशय सौजन्यानं उत्तर दिलं: आम्हाला तुमची अडचण समजते, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या मदतीनं याचा अभ्यास झालाय आणि नुकसान होतं असा पुरावा नाही. 'आढळला' हा शब्द कुठेतरी गळून गेला होता. डॉरिसनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाली, आणि जाऊन बसली.

रेजिनाताईंनी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला. "बघ, तिनं वादच घातला नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याला घाबरून गप्प बसली असती तर एक वेळ चाललं असतं. तिला आपलं पटलं गं."

त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, "मॉम, यू डिड युअर जॉब." मीही तेच म्हणत होते, मराठीत. परिषदेनं बस तशीही बंदच केली असती, पैसे नव्हतेच, आपलं वाक्य म्हणजे एक निमित्त. हे सगळं खरं होतं. ताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हो का? मग चल, तिला जाऊन सांगू."

आम्ही गेलो. घर मुख्य रस्त्यापासून आत होतं. मी अर्धी रेजिनाताईंच्या मागे उभी होते. डॉरिसनं आम्हाला आत घेतलं, कोट काढा म्हणाली. हॅरल्ड फेब्रुवारीत गेला होता. बस बंद झाल्यापासून शेजारी नेईल तेव्हा ती जायची, आणि त्या शेवटच्या महिन्यात बर्फामुळे शेजाऱ्याला जमलं नव्हतं.

रेजिनाताईंनी काही सजवलं नाही. शोध कसा घालतात, चौकोन काय असतो, टिक कुणी केली, कशाला केली, काय राहून गेलं. डॉरिसनं मध्येच विचारलं, "म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना तुम्ही विचारलंच नाही?"

"नाही."

"मी हॅरल्डला फोनवर सांगितलं होतं," डॉरिस म्हणाली. "तो रागावला होता ना बसवरून. मी म्हटलं, अरे, युनिव्हर्सिटीनं अभ्यास केलाय, काहीतरी विचार करूनच केलं असेल." मग ती उठली आणि आमचे कोट घेऊन आली. "आता तुम्ही जा."

परत येताना गाडीत ताई एकच वाक्य बोलल्या. "काहीतरी विचार करूनच केलं असेल, एवढा एक दिलासा तिच्याकडे होता, तोही आपण काढून घेतला." तोवर मला वाटत होतं की चूक कबूल केल्यावर निदान कुणाला तरी हलकं वाटतं.

आमच्या दोघींच्या सहीचं दुरुस्तीचं पत्र परिषदेला गेलं. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असं उत्तर आलं. रेजिनाताईंनी बेसमेंटमध्ये नेहमीसारखं काम सुरू ठेवलं, पण आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या मागून वाकून त्या तो चौकोन बघायच्या. दिवसातून कितीदा तरी. मुलं वैतागायची. एक जण म्हणाला, "मॅम, तुम्ही आत्ताच बघितलंत." त्या म्हणाल्या, "हो. आणि आत्ता परत बघतेय."

मग एक दिवस ग्रंथालयाच्या मुख्य नंबरवर फोन आला. वरची मुलगी हसत खाली आली. "कुणी डॉरिस आहे. म्हणते, ज्या बाईनं चौकोनात खूण केली, तिला द्या."

फोनवर डॉरिस म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नाही," रेजिनाताई म्हणाल्या.

"मला तो अहवाल बघायचाय. बाकीचंही सगळं. माझ्या डोळ्यांनी. शनिवारी दहाला न्यायला या."

त्यानंतर पुष्कळ शनिवार. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरच्या माणसालाही बसून शोधता येतं, हे डॉरिसला ठाऊक नव्हतं. रेजिनाताईंनी तिचा पाहुण्यांचा पास काढून दिला. खुर्ची आपल्या बाजूला ओढली. माऊस डॉरिसच्या हातात. डॉरिसला माऊस नीट धरता येत नसे, बाण स्क्रीनभर भरकटायचा, आणि ताई हात मागे बांधून बसून राहायच्या. फ्रेंच अहवाल त्यांनी तिला ओळ न् ओळ इंग्लिशमध्ये वाचून दाखवला. बहिणीला भेटायला जाणं सोडलेल्या एका माणसाचं बोलणं त्यात होतं. तिथे ताई थांबल्या.

"पुढे वाचा," डॉरिस म्हणाली. "मी रडणार असेन तर घरी जाऊन रडेन."

मी अधूनमधून जायची. दोघींचं सतत काही ना काही चाललेलं असायचं. डॉरिसला सुकेळी आवडत नसत, ती म्हणायची की हे बुटाच्या जिभेसारखं लागतं, आणि दोन खायची. ताईंच्या गाडीवर तिचा विशेष राग. "विंटर टायर्स लावलेत ना? मग एवढी हळू का?"

"टायर विंटरचे आहेत. ड्रायव्हर वसईची आहे."

"ते कुठे आलं?"

"जिथे बर्फ नसतो तिथे."

पण गोड मैत्री झाली असं मी लिहिणार नाही. एकदा ताई अहवाल शोधायला कपाटांकडे गेल्या होत्या. डॉरिस मला म्हणाली, "ही बाई चांगली आहे. त्यामुळे तिच्यावर रागावून राहायचं माझं काम आणखी अवघड होतं." आतून तीन भाषांतली हाक ऐकू आली. "ती कुणाला बोलावतेय?" डॉरिसनं विचारलं. मी सांगितलं. ती मान वळवून कपाटांकडे बघत राहिली.

त्या वर्षी शरदात डॉरिस पुन्हा परिषदेपुढे उभी राहिली, त्याच निळ्या कोटात. दुसऱ्या गावांनी बस कशी चालवली, दोन-तीन गावांनी मिळून खर्च कसा वाटून घेतला, सगळं तिच्याकडे होतं, इंग्लिशमधलं आणि फ्रेंचमधलंही. बोलायला पाच मिनिटं. सुरुवातीला तिनं आम्ही कुठे कुठे शोधलं ते सांगितलं. काय सापडलं ते नंतर. माझ्या शेजारी बसलेल्या रेजिनाताईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मग अध्यक्षांनी विचारलं की आधीचा अभ्यास चुकला कसा. रेजिनाताई उठल्या आणि माईकपर्यंत गेल्या. "भाषेची टिक मी केली होती आणि काढायची विसरले. माऊस माझ्या हातात होता." मी उभी राहिले आणि म्हटलं की अहवाल माझा होता, मी तपासायला हवं होतं. अध्यक्षांनी दोघींचेही आभार मानले. त्यांना या कबुलीचं काय करावं ते कळलं नाही. आभारांचं काय करावं ते आम्हालाही कळलं नाही.

परिषदेनं विचार करायला वेळ मागितला. त्या हिवाळ्यात रेजिनाताईंच्या पोटात दुखायला लागलं. निदान झालं तेव्हा फारसं काही करता येण्यासारखं नव्हतं. मार्चपर्यंत शनिवारचं गाडी चालवणं माझ्याकडे आलं. मी डॉरिसला आणायची, पण ग्रंथालयात नाही, हॉस्पिटलमध्ये. ती खुर्ची ओढून पलंगाच्या बाजूला घ्यायची. समोर नाही, बाजूला. दोघी खिडकीबाहेरच्या पार्किंग लॉटकडे बघत बसायच्या. तिनं शेवटपर्यंत 'जाऊ दे' म्हटलं नाही, आणि ताईंनी तिच्याकडे ते मागितलं नाही. माझ्या मात्र ते ओठांवर यायचं. मी ते इतक्यांदा म्हटलं होतं, तिच्या वतीनं, स्वतःच्या वतीनं. आता वाटतं, ताईंना थोडं हलकं वाटावं म्हणून म्हणत नव्हते मी. मला हलकं वाटावं म्हणून म्हणत होते.

एप्रिलमध्ये परिषदेनं बस पुन्हा सुरू करायचं ठरवलं, आठवड्यातून दोन दिवस. मी ऑफिसातून तशीच हॉस्पिटलला गेले. रेजिनाताई अगदी लहान दिसत होत्या. मी सांगितलं.

"कुठले दिवस?"

"मंगळवार आणि शुक्रवार."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"रविवार नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, ताई."

तेवढ्यात नर्स आली. तिला काहीतरी करायचं होतं, मला बाहेर थांबायला सांगितलं, आणि पलंगाभोवतीचा पडदा तिनं सर्रकन ओढला. तो रुळांवरचा आवाज. मी पडद्याबाहेर उभी होते. आतून ताईंचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट, आधी इंग्लिशमध्ये आणि मग माझ्यासाठी मराठीत: "हळू गं बाय. मी आहे आत."

नर्स हसली. पडद्याच्या खालून मला त्यांचा एक हात दिसत होता, पलंगाच्या कडेला लोंबणारा. मग तो आत घेतला गेला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही; नर्सनं उद्या यायला सांगितलं, आणि ताई त्याच रात्री गेल्या.

बस आता मंगळवारी आणि शुक्रवारी धावते. रविवारी धावत नाही.